कोल्हापूरचे लढाऊ विमान : एका कल्पित मॉडेलचा खरा इतिहास

१/
चंदेरी अंग, एकावर एक दोन पंख, शेपटीवर भगवा आणि बाजूला देवनागरीत ‘कोल्हापूर’. साल १९३९, स्थळ उजळाईवाडीचा माळ. असे लढाऊ विमान कधीच अस्तित्वात नव्हते. पण त्याचे वीतभर रुंदीचेही नसलेले मॉडेल टेबलावर तयार करता येते. ते प्रामाणिकपणे करायचे ठरवले, तर रंगाच्या प्रत्येक थराआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : हे करू कोणी दिले असते? त्या प्रश्नामागे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील संस्थाने, तिजोऱ्या, वैमानिक आणि परवानग्या यांचा इतिहास आहे. हा थ्रेड त्या इतिहासाचा.

२/
छोटी विमाने बनवणाऱ्यांच्या जगात ‘व्हॉट-इफ’ नावाची एक मान्य शाखा आहे. विमान खरे असते. पण ज्या देशाने ते कधी वापरले नाही, त्या देशाच्या रंगांत ते उभे केले जाते. मराठीत यालाच ‘जर-तर’ म्हणतात, आणि इतिहासात जर-तरला स्थान नसते असेही लगेच सांगितले जाते. तथापि इतिहासकार जर-तर करतातच. एखाद्या घटनेला ‘कारण’ म्हणणे, याचाच अर्थ ती घटना घडली नसती तर परिणाम वेगळा झाला असता, असे मानणे. प्रश्न जर-तर करावे की नाही हा नसून ते कोणत्या शिस्तीने करावे हा आहे.

३/
या शिस्तीचा एक उत्तम धडा मराठीतच आहे, आणि तो देणारे लेखक कोल्हापूरचे. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी थोडक्यात हुकते आणि तेथून इतिहासाला वेगळा फाटा फुटतो. कथेचे बळ त्या बदलाच्या लहानपणात आहे. बदल एकच, तोही निसटता. पुढचे सारे त्यातून ओघाने येते. मॉडेल बनवणाऱ्यानेही हाच नियम पाळायचा असतो. फाटा एक घ्यावा, लहान घ्यावा, आणि त्याची किंमत पुरती मोजावी.

४/
प्रथम विमान. ग्लॉस्टर ग्लॅडिएटर हे ब्रिटिश हवाई दलाचे शेवटचे बायप्लेन लढाऊ विमान. पहिले उड्डाण १९३४, प्रत्यक्ष सेवेत १९३७. पंखांची रुंदी ९.८३ मीटर, लांबी ८.३६ मीटर, वेग ताशी सुमारे ४०० किलोमीटर, चार मशिनगन आणि एकच वैमानिक. एकास बहात्तर या प्रमाणात त्याचे मॉडेल सुमारे १३.७ सेंटिमीटर रुंद होते. ते सेवेत आले त्याच वर्षाच्या अखेरीस एकपंखी हॉकर हरिकेनही ब्रिटिश दलात दाखल झाले. म्हणजे ग्लॅडिएटर जन्मतःच एका संपत चाललेल्या युगाचे विमान होते.

५/
तरीही कोल्हापूरसाठी निवड करायची तर ती याचीच. सुमारे ७५० ग्लॅडिएटर बनली आणि त्यांतली बरीच परदेशी गेली : लाटविया, लिथुआनिया, नॉर्वे, स्वीडन, बेल्जियम, ग्रीस, इराक, इजिप्त, चीन. आयर्लंडने तर अवघी चार घेतली. याचा अर्थ असा, की लहान तिजोरीच्या राज्यालाही मूठभर ग्लॅडिएटर बाळगता येत होती. शिवाय त्याचे ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन हवेने थंड होणारे. रेडिएटर आणि पाण्याच्या नळ्यांचे लचांड नाही. उष्ण प्रदेशात आणि साध्या धावपट्टीवर ही मोठीच सोय.

६/
मग जागा. ती कल्पित नाही. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत उजळाईवाडीच्या माळावर उभा राहिला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनानंतर १९२२ मध्ये ते गादीवर आले आणि नोव्हेंबर १९४० मध्ये निवर्तले. म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरचा तळ आहे, विमानविद्येला जागा देणारा राजा आहे, आणि बाजारात परवडू शकेल असे विमानही आहे. येथवर सारे जुळते. अडचण पुढे येते.

७/
पहिली अडचण तहाची. १८१२ च्या तहाने मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ला इंग्रजांकडे गेला, आणि शिवछत्रपतींच्या काळापासून चालत आलेल्या आरमारी परंपरेचा कोल्हापूरपुरता शेवट झाला. इंग्रजांच्या संमतीवाचून कोणाशी युद्ध करायचे नाही, हेही त्या तहाने बांधून घेतले. पुढे ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला. तो मोडल्यावर राजबंधू चिमासाहेबांना कराचीला नेऊन नजरकैदेत ठेवण्यात आले. ज्या राज्याचे समुद्रावरचे आरमार एका तहाने संपवले, त्याला आकाशातले आरमार उभे करू देण्याचे सार्वभौम सत्तेला काहीच कारण नव्हते.

८/
विसाव्या शतकातही हा दोर सैल झाला नाही. १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांनी हैदराबादच्या निजामाला पत्राने बजावले, की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्तेचे सार्वभौमत्व सर्वश्रेष्ठ आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या संस्थानिकाची ही गत. १९२९ च्या बटलर समितीनेही सार्वभौम सत्तेचे वर्चस्व अबाधितच ठेवले. संस्थानांना पलटणी ठेवता येत. कोल्हापूरची राजाराम रायफल्स होती, आणि ती पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाली. पण पायदळाची पलटण वेगळी आणि तासाभरात पुणे ओलांडू शकणारे सशस्त्र विमान वेगळे. म्हणून ‘कोल्हापूरचे स्वतंत्र हवाई दल’ हा लहान फाटा ठरत नाही. त्यासाठी १८१२ पासूनची सव्वाशे वर्षे नव्याने लिहावी लागतील. भगवी शेपूट येथेच डळमळीत होते.

९/
दुसरी अडचण तिजोरीची. जर-तरचे खेळ मांडताना पैसा कोठून तरी आपोआप येतो असे गृहीत धरले जाते. संस्थानाच्या हिशेबाच्या वहीत तो आपोआप येत नसे. शाहू महाराजांनी सुरू केलेले राधानगरी धरण पैशाअभावी रखडले होते. राजाराम महाराजांच्या काळात ते काम पुन्हा हाती घेतले गेले आणि पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. आता वैमानिक, इंधन, सुटे भाग, गोळ्या आणि वर्षाकाठी होणारे अपघात यांचा खर्च त्याच वहीत लिहून पाहावा. विमानाच्या बाजूची रक्कम धरणाच्या बाजूने वजा होते. भोगावतीच्या काठचा कोणता ऊस कोरडा ठेवून हे विमान उडवायचे, हा प्रश्न मॉडेलच्या डब्यात छापलेला नसतो. पण तोच खरा प्रश्न आहे.

१०/
तिसरी अडचण वैमानिकाची, आणि येथे इतिहास चकित करतो. लढाऊ बायप्लेन चालवणारे भारतीय पहिल्या महायुद्धातच होते. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, ई. एस. सी. सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर हे चौघे ब्रिटिश हवाई दलात अधिकारी झाले. वेलिंगकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत. जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर ते बेपत्ता झाले. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागून त्यांचा मृत्यू झाला. रॉय यांनी दहा विजय नोंदवले आणि त्याच वर्षी २२ जुलैला ते पडले. कर्तृत्वाचा पुरावा मिळाला होता. तरीही क्रॅनवेलच्या हवाई महाविद्यालयात भारतीय छात्र दाखल व्हायला १९३० उजाडले.

११/
८ ऑक्टोबर १९३२ हा भारतीय हवाई दलाचा स्थापनादिन. त्यानंतर आठवड्याभरात, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा टपालाचे विमान घेऊन कराचीहून जुहूला उतरले. नागरी आणि लष्करी विमानविद्येची अशी जवळपास एकाच वेळी सुरुवात झाली. पण दोन्हींचे दोर वेगळ्या हातांत होते. दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर उभी राहिली. तिच्याकडे चार वेस्टलँड वॉपिटी विमाने होती, आणि जमिनीवरची कामे करायला १९ ‘हवाई शिपाई’. पहिल्या वैमानिकांत सुब्रतो मुखर्जी होते. १९५४ मध्ये तेच हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

१२/
वॉपिटी हे बायप्लेन खरे, पण लढाऊ नव्हे. दोन माणसांचे, संथ, ‘सर्व कामांचे’ विमान. खर्च वाचवण्यासाठी ते पहिल्या महायुद्धातल्या डी. एच. ९-ए या विमानाचे सुटे भाग वापरून आखले होते. काम काय, तर वझिरिस्तानच्या सरहद्दीवर टेहळणी आणि टोळ्यांवर बॉम्बफेक. लढाऊ विमान शत्रूच्या विमानांशी झुंजण्यासाठी असते, आणि सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे विमाने नव्हती. म्हणून १९३९ मध्ये भारतीय हवाई दलाकडे एकही लढाऊ विमान नव्हते. हरिकेन हाती यायला १९४२ उजाडले, तेही जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरल्यावर. विमान कोणते द्यायचे हे शिपायाच्या कौशल्यावरून ठरले नाही. कोणावर चालवायचे यावरून ठरले.

१३/
वैमानिकामागे मिस्त्री लागतो. याबाबत कोल्हापूरची बाजू भक्कम होती. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा येथेच स्वतः घडवला आणि त्याच जिद्दीतून महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. लेथ, कानस आणि नजर यांच्या बळावर परदेशी यंत्र उलगडून पुन्हा जुळवणारी ही परंपरा पुढे शहराच्या कारखानदारीतही दिसली. ग्लॅडिएटरचा बराचसा भाग म्हणजे धातूच्या सांगाड्यावर ताणलेले, डोप नावाचे लुकण लावून घट्ट केलेले कापड. फाटलेल्या पंखाला ठिगळ लावणे, वाकलेली नळी सरळ करणे, तारा पुन्हा ताणणे ही कामे कोल्हापुरी हातांना अशक्य नव्हती. शेजारच्या इचलकरंजीत यंत्रमाग १९०४ पासून चालू होता.

१४/
पण कॅमेरा हाताने फिरवायचा असतो; मर्क्युरी हे नऊ सिलिंडरांचे, आठशेहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन. त्याला लागणारे मिश्रधातू, अचूक बेअरिंगे आणि उच्च दर्जाचे पेट्रोल यांतले काहीच संस्थानात होत नव्हते. देशात अॅल्युमिनियम गाळण्याची सुरुवातच १९४३ मध्ये केरळात झाली. त्यामुळे कल्पित स्क्वाड्रनचे आयुष्य ब्रिस्टलहून येणाऱ्या पेट्यांवर अवलंबून राहिले असते. पेटी थांबली की विमान थांबले. महायुद्ध सुरू होताच त्या पेट्या प्रथम कोणाकडे गेल्या असत्या, याचे उत्तर अवघड नाही.

१५/
एका संस्थानाने मात्र विमानविद्येत खरोखर उडी घेतली, आणि त्या गोष्टीच्या मध्यभागी सोलापूरचा माणूस आहे. १९३९ मध्ये प्रवासात वालचंद हिराचंद यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉलीच्या चीनमधल्या कारखान्यात कर्टिस हॉक ही बायप्लेन लढाऊ विमाने जुळवली जात. त्या ओळखीतून, म्हैसूर संस्थानाची जमीन आणि भांडवल घेऊन, डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. १९४१ मध्ये तिथे जुळवलेले हार्लो हे शिकाऊ विमान उडाले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारभार आपल्या हाती घेतला आणि नंतर तो तळ अमेरिकन दलाच्या दुरुस्तीकामाला दिला. म्हैसूरला कारखाना मिळाला. पण तिथे काय बनवायचे आणि कोणासाठी, हे म्हैसूरने ठरवले नाही.

१६/
मग कोल्हापूरचे नाव लढाऊ विमानावर येण्याची एकही वाट उरत नाही काय? एक उरते, आणि तिला आधार आहे. १९१८ मध्ये ब्रिटिश दलाच्या ११० व्या स्क्वाड्रनला पहिली डी. एच. ९-ए विमाने मिळाली ती निजामाच्या देणगीतून. प्रत्येक विमानावर तसा मजकूर होता आणि स्क्वाड्रनच्या नावात पुढे ‘हैदराबाद’ जडले. हैदराबादच्या खजिन्यात तेव्हा मराठवाड्याचाही शेतसारा जमा होत असे. दुसऱ्या महायुद्धात ही प्रथा आणखी फोफावली. ५००० पौंड दिले, की एका स्पिटफायरवर देणगीदाराचे नाव रंगवले जाई. नाव संस्थानाचे, पैसा रयतेचा. वैमानिक, तळ आणि लक्ष्य मात्र लंडनच्या मर्जीचे.

१७/
आता मॉडेलसाठी लहान फाटा सापडतो. सप्टेंबर १९३८ चे म्युनिक संकट. युरोपात युद्धाची चाहूल लागली आहे. अशा वेळी दरबारातून रेसिडेंटकडे एक पत्र जाते : मूठभर ग्लॅडिएटरांचा खर्च संस्थान उचलील, ती हिंदुस्थानात ठेवावीत. खऱ्या इतिहासात असे पत्र गेले नाही. पण ते जाण्यासाठी कोणताही तह मोडावा लागत नाही. एवढा एक बदल मान्य केला, की मॉडेलचे रूप ठरत जाते. शेपटीवरचा भगवा जातो, कारण विमान संस्थानाच्या मालकीचे राहत नाही. तिरंगी चिन्हही चालणार नाही; भारतीय हवाई दलाच्या विमानांवर १९४७ पूर्वी ब्रिटिश धर्तीचीच वर्तुळचिन्हे होती. म्युनिकनंतर ब्रिटनमधल्या लढाऊ विमानांचा चंदेरी रंग झाकून हिरवे-तपकिरी पट्टे आले, म्हणून तेच पट्टे येतात. उरते ती कॉकपिटखालची एक बारीक ओळ : कोल्हापूरची भेट. तीही बहुधा इंग्रजीत.

१८/
टेबलावरचे काम सावकाशीचे आहे. पंख आणि अंग यांच्या सांध्यांत लांबी भरून, ती वाळल्यावर पाण्याच्या पॉलिशपेपरने घासून घ्यावी लागते. वरचा पंख बसवण्याआधीच रंगकाम उरकावे, नाहीतर ब्रश आत पोहोचत नाही. बायप्लेनचा खरा कस ताणतारांत लागतो. ग्लॅडिएटरच्या आधीच्या गाँटलेट विमानात पंखांमधल्या खांबांच्या दोन जोड्या प्रत्येक बाजूला होत्या. ग्लॅडिएटरमध्ये एकच राहिली, त्यामुळे ताराही कमी. किटच्या चौकटीचा प्लॅस्टिक तुकडा मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून हलकेच ओढला, की केसासारखा तंतू निघतो. तोच तारेच्या जागी चिकटवतात. शेपटीजवळचा क्रमांक निवडताना खऱ्या विमानाचा क्रमांक उचलू नये. त्या क्रमांकाच्या विमानात कोणीतरी खरोखर लढलेले, कदाचित मेलेले असते.

१९/
ही विमाने असती तर काय बदलले असते? उत्तर शोधायला फार कल्पना लागत नाही. ९ एप्रिल १९४० रोजी नॉर्वेची सात ग्लॅडिएटर ओस्लोवर चालून आलेल्या जर्मन विमानांशी भिडली. वैमानिक शर्थीने लढले, काही जर्मन विमाने पडलीही; राजधानी त्याच दिवशी गेली. पोलंडची लढाऊ विमाने स्वतःच्या कारखान्यात बनलेली होती. १९३९ च्या सप्टेंबरात तीही पुरी पडली नाहीत. त्या पराभवानंतर सोव्हिएत मुलुखात हद्दपार झालेली माणसे इराणमार्गे वाट काढत १९४३ मध्ये कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे पोहोचली. सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले आणि वृद्ध तेथे १९४८ पर्यंत राहिले. महायुद्ध कोल्हापूरच्या दारी खरोखर आले ते विमानांच्या रूपात नव्हे, निर्वासितांच्या रूपात. आणि तेव्हा उपयोगी पडली ती राहायला जागा, पाणी आणि शेजार.

२०/
म्हणून अशा मॉडेलखाली पाटी हवीच, आणि ती दोन भागांत हवी. ‘कल्पित : १९३८ मध्ये कोल्हापूर दरबाराने देऊ केलेले ग्लॅडिएटर. खरे : १८१२ चा तह, १९१८ चे हैदराबादचे विमान, १९३९ चा उजळाईवाडीचा तळ.’ भगव्या शेपटीचे दुसरे मॉडेल करण्यासही हरकत नाही. त्याच्या पाटीवर मात्र ‘स्वप्न’ असे स्वच्छ लिहावे. पाटी नसलेले कल्पित चित्र चार ठिकाणी फिरून आले, की पाचव्या ठिकाणी ते पुरावा म्हणून दाखवले जाते.

२१/
शेल्फवर शेजारी आणखी एक जागा मोकळी ठेवावी : २३ व्या स्क्वाड्रनच्या सॉपविथ डॉल्फिनसाठी. त्याला कोणताही फाटा लागत नाही. ते विमान खरे, मुंबईचा वैमानिक खरा, जून १९१८ मधला त्याचा मृत्यूही खरा. ब्रिटिश वर्तुळचिन्हे त्याच्यावरही आहेत, आणि त्याच्या अंगावर कोणत्याही संस्थानाचे नाव नाही. कोल्हापूरचे ग्लॅडिएटर पाहायला जो थांबेल, त्याला या दुसऱ्या विमानातल्या माणसाचे नाव सांगता आले, तर पहिल्या मॉडेलवर घालवलेल्या संध्याकाळी सत्कारणी लागल्या. ते नाव : श्रीकृष्ण वेलिंगकर.